एक तार ‘कुठे’ सांगते, एक तार ‘किती’: झाडीपट्टीतला ऑक्टोपॅड आणि हरवलेली कड

मागच्या भागात आपण झाडीपट्टीतल्या पडद्यांबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की रंगमंचापुढे खाली बसतात त्या वादकांबद्दल कधी बोलणार? आज बोलू या. पण सगळ्या वादकांबद्दल नाही. एका वाद्याबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्या वाद्याच्या एका तारेबद्दल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

दारावरची थाप

सिंदेवाही तालुक्यातलं एक गाव. जानेवारीची थंडी, रात्रीचे दोन-अडीच झालेले. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत मामाजींसोबत फिरायचो. मामाजी एका नाटक कंपनीत ऑक्टोपॅड वाजवायचे. माझं काम म्हणजे तारा गुंडाळणं, स्टँड उभे करणं आणि मध्यरात्री चहा आणून देणं.

मामाजींच्या समोर ऑक्टोपॅड, आणि उजव्या हाताला स्टँडवर एक वेगळं गोल पॅड असायचं. जाळीचं, नागपूरहून जुनं घेतलेलं. त्याच्या मधोमध काडी मारली की ढोलकीचा ‘धुम्’ यायचा. कडेवर मारली की लाकडावर मारल्यासारखा ‘टक्’. ही कड मामाजींची लाडकी होती. दारावरची थाप, घड्याळाची टिकटिक, म्हातारीची काठी, सगळं त्या कडेवर.

तिसऱ्या अंकात बाप शहरातून रात्री उशिरा परत येतो आणि दार वाजवतो. आत पोरगी एकटी, घाबरलेली. सगळा मंडप चूप. मामाजींनी कडेवर तीन ठोके मारले.

धुम्. धुम्. धुम्.

दारावर थाप पडायच्या ऐवजी ढोलकी वाजली. दोन सेकंद शांतता, आणि मग मागून कोणीतरी ओरडलं, “बाप आला का तमाशा आला जी?” सगळा मंडप हसला. पोरीचं काम करणारी बाई मोठी कसलेली, तिनं कसंबसं सांभाळून नेलं. पण तो प्रवेश गेला तो गेलाच.

झाडीपट्टीत ही साधी गोष्ट नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, वडसाला जाऊन नाटक ठरवलेलं असतं. पाहुणे जेवायला घातलेले असतात. चूक झाली तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीच्या दारात जातात. सकाळी कंपनीचे मालक मामाजींना एवढंच म्हणाले, “असं असंल तर आपल्याले दुसरा मानूस पाहा लागंल.” मामाजी काही बोलले नाहीत. मला मात्र वाटत होतं, मामाजींनी तर कडेवरच मारलं होतं. मी पाहिलं होतं. मग ढोलकी वाजवली कोणी?

खाली बसणारी माणसं

बाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं मागे जातो. झाडी म्हणजे जंगल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान निघालं की मंडई, शंकरपट आणि त्यासोबत रात्रभर चालणारी नाटकं, ती थेट होळीपर्यंत. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे या धंद्याचं मुख्य ठिकाण. हंगामात तिथं नाटक मंडळांच्या पाट्या ओळीनं लागलेल्या असतात. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. विनोदी कलावंत म्हणून त्यांना इकडे कोण ओळखत नाही?

या नाटकांत संगीत टेपवर वाजत नाही. रंगमंचासमोर खाली वादक बसतात आणि सगळं तिथल्या तिथं वाजवतात. माझ्या शाळेच्या दिवसांत ऑर्गन, तबला आणि ढोलकी एवढंच असायचं. पुढे ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला, तरी लोक त्याला ऑर्गनच म्हणतात. आणि तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅड येऊन बसला. खलनायकाच्या एन्ट्रीला गडगडाट पाहिजे, थोबाडीत मारल्याचा आवाज पाहिजे, लावणीला ढोलकी आणि घुंगरू पाहिजे. एवढं सगळं दोन काड्यांत.

मामाजी मुळात तबलजी. कंपनीनं सांगितलं म्हणून ऑक्टोपॅड शिकले. तबल्याची जोडी घरी कपाटावर गेली. हे लक्षात ठेवा, शेवटी कामी येईल.

दाबलं की वीज

आता ढोलकी कोणी वाजवली हे समजायला आपल्याला १८८० सालच्या पॅरिसला जावं लागेल. जाक आणि पिएर क्युरी हे दोन भाऊ. पिएर म्हणजे पुढे मारी क्युरींचे पती झाले ते. तेव्हा पिएर २१ वर्षांचे होते आणि जाक २४. त्यांनी दाखवलं, की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो. यालाच पिझो परिणाम म्हणतात.

तुमच्या स्वयंपाकघरातही हे आहे. गॅस पेटवायचा ‘चट’ करणारा लायटर असतो ना, बिनासेलचा? त्यात एक छोटी हातोडी अशाच पदार्थावर आपटते आणि ठिणगी पडते. १९५० च्या दशकात शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या संयुगांपासून तसाच गुण असलेली सिरॅमिक बनवता येऊ लागली, आणि हा माल स्वस्त झाला.

ड्रमच्या पॅडाखाली असते ती पितळेची एक पातळ चकती, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी. तिच्यावर या सिरॅमिकचा पांढरट थर. तिला दोन तारा. एक पितळेला, एक पांढऱ्या थराला. काडी पडली, चकती किंचित वाकली, की दोन तारांमध्ये क्षणभर विजेचा झटका तयार होतो. हळू मारलं तर छोटा, जोरात मारलं तर मोठा. ही चकती आवाज करत नाही. ती फक्त सांगते, ‘ठोका पडला, आणि एवढा पडला’.

मशीन काय करतं? आधी बघतं, की झटका ठरावीक मर्यादेच्या वर आहे का. नाहीतर शेजारून कोणी पाय आपटत गेलं तरी ढोलकी वाजेल. मग एक-दोन हजारांश सेकंद थांबतं आणि झटक्याचं सगळ्यात उंच टोक पकडतं. तेवढ्यावरून जोर ठरवतं. त्यानंतर थोडा वेळ कान बंद करतं, कारण चकती थरथरत राहते आणि एका ठोक्याचे दोन ठोके व्हायचे.

आठ चौकोन

विजेवर चालणारे ड्रम १९७० च्या दशकात सुरू झाले. मूडी ब्लूज या इंग्रजी बँडचा ड्रमर ग्रेम एज यानं तेव्हा असा एक संच करून घेतला होता. १९८१ साली इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ आला, त्याची षटकोनी पॅडं अजून जुन्या व्हिडिओत दिसतात. ती इतकी टणक होती, की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायची.

१९८३ साली मिडी आली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ही एक समान भाषा. त्यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी ही दोन मोठी नावं. २०१३ साली दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीत ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात जातो. विजेचा तो झटका आता आकडा झाला.

१९८५ साली रोलँडनं पॅड-८ काढलं, नाव ठेवलं ऑक्टोपॅड. आपला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला १९८२ ला, म्हणजे ऑक्टोपॅड आपल्या जिल्ह्याहून तीन वर्षांनी लहान. चार-चारच्या दोन ओळी, आठ रबरी चौकोन. गंमत म्हणजे त्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त मिडीतून दुसऱ्या यंत्राला सांगायचा, ‘हे वाजव’. आवाज आतच असलेली मॉडेलं नंतर आली. त्यातलं १९९८ चं एसपीडी-२० आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी घरचं करून टाकलं. पुढे २०१० ला एसपीडी-३० आलं.

या आठ चौकोनांत एक विचार आहे. एका पृष्ठभागावर एक आवाज. दुसरा आवाज पाहिजे तर दुसरा चौकोन. ‘ठोका कुठे पडला’ हा प्रश्न सोडवायची ही सगळ्यात सोपी रीत: जागाच वेगळ्या करून टाका.

पण खऱ्या वाद्यात तसं नसतं. ड्रमरला स्नेअरची कड वाजवायची असते, त्याच स्नेअरची. झांजेचा मधला घुमट, अंग आणि कड यांचे तीन आवाज, एकाच झांजेवर. मग एकाच पॅडात दोन-तीन जागा कशा करायच्या?

एका पॅडात दोन जागा

इथं येते आपली तार. कीबोर्डला, गिटारला लावतात ती जाड पिन, आपले साउंडवाले जिला पी-३८ म्हणतात. ही पिन मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजची. बाई फळ्यासमोर बसून पिना खुपसून फोन जोडून द्यायची, तीच ही. हिच्या दांड्याकडे नीट पाहिलं तर काळी रेघ दिसते. मोनो पिनेला एक रेघ, म्हणजे धातूचे दोन भाग: टोक आणि दांडा. स्टिरीओ पिनेला दोन रेघा, म्हणजे तीन भाग: टोक, मधली कडी आणि दांडा.

दांडा ही सगळ्यांची सामाईक परतीची वाट. टोकावरून मधल्या चकतीचा झटका जातो. आणि मधली कडी जी उरली, तिच्यावर पॅडाची कड बसवायची. ती बसवायच्या मुख्य रीती दोन.

पहिली रीत, दोन चकत्या. एक चकती जाळीखाली मधोमध, दुसरी पॅडाच्या सांगाड्याला. एक टोकावर, दुसरी मधल्या कडीवर. कुठेही मारलं तरी थरथर दोन्हीकडे पोहोचते, म्हणून मशीन दोन्ही झटके तुलना करून बघतं. मधला मोठा तर ठोका मधे, सांगाड्याचा मोठा तर ठोका कडेला. रोलँडनं १९९७ ला जाळीची व्ही-ड्रम्स काढली, त्यातली काही पॅडं या पद्धतीची. मामाजींचं पॅडही त्याच जातीचं.

दुसरी रीत, एक चकती आणि एक स्विच. रबरी कडेखाली दोन पातळ वाहक पट्ट्या, मधे अंतर. काडी कडेवर पडली की पट्ट्या चिकटतात, म्हणजे मधली कडी आणि दांडा क्षणभर जोडले जातात. स्विचला जोर कळत नाही. तो फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो. जोर सांगते तीच मधली चकती, कारण कडेवर मारलं तरी सगळं पॅड थरथरतं. म्हणजे एक तार सांगते ‘किती’, दुसरी सांगते ‘कुठे’. दोन्ही साक्षी जुळल्या की मशीन कडेचा आवाज काढतं. झांजेच्या पॅडाची कड चिमटीत धरली की आवाज तुटतो, तेही याच स्विचमुळे. चकती गप्प, पण स्विच दाबून धरलेला. मशीन समजतं, की हातानं झांज थांबवली.

आणि तीन जागा? यामाहाच्या पॅडांत एक सुंदर युक्ती आहे. स्विच दोन, पण तार तीच. एक स्विच मधल्या कडीला सरळ दांड्याशी जोडतो. दुसरा जोडतो, पण वाटेत साधारण दहा हजार ओहमचा रोधक बसवलेला असतो. मशीन अवरोध मोजतं. काहीच जोडलेलं नाही, तर ठोका मधे. सरळ जोडलं गेलं, तर एक कड. रोधकातून जोडलं गेलं, तर दुसरी. त्या रोधकाची किंमत चहाच्या कपाहूनही कमी, आणि त्याच्यावर एक अख्खी जागा उभी. रोलँडच्या बऱ्याच तीन जागांच्या झांजांनी मात्र दुसरीच वाट धरली: सरळ दोन तारा.

ढोलकी कोणी वाजवली

आता परत येऊ त्या सकाळी. सिंदेवाहीहून वडसाकडे परत येताना ब्रह्मपुरीजवळ चहाला थांबलो. मामाजींनी गाडीतून तार काढली आणि उन्हात धरली.

“बाबू, इकडे पाय. किती रेघा हाये?”

“एक, मामाजी.”

“आन आपल्या तारेले?”

मला आठवेना. मग आठवलं. आदल्या संध्याकाळी स्टँड उचलताना आमच्या तारेची पिन वाकली होती. मीच साउंडवाल्याकडून कीबोर्डची एक तार मागून आणली होती आणि लावून दिली होती. लांबी तेवढीच, जाडी तेवढीच, रंगही काळा. नाटकाआधी मामाजींनी मधे दोन ठोके मारून पाहिले, वाजलं. कड कोणीच तपासली नाही.

मोनो पिन स्टिरीओच्या भोकात घातली की तिचा लांब दांडा मधल्या कडीच्या जागेलाही टेकतो. म्हणजे कडेची तार थेट परतीच्या वाटेला जोडली जाते. कडेच्या चकतीचा झटका निघतच होता, पण मशीनपर्यंत पोहोचायच्या आधीच जिरत होता. मशीनला फक्त मधल्या चकतीची थरथर कळली. त्याच्या हिशोबानं ठोका मधे पडला. म्हणून ढोलकी.

पॅड दुसऱ्या जातीचं, स्विचचं असतं, तर याच तारेनं उलटा घोळ केला असता. मधली कडी आणि दांडा कायमचे जोडलेले, म्हणजे मशीनला वाटलं असतं, की कड सतत दाबलेली आहे. काही मशिनं अशा वेळी प्रत्येक ठोक्याला कडेचाच आवाज काढतात. चूक एकच, बिघाड दोन तऱ्हेचे. म्हणून आवाज गेला की मशीनला शिव्या देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: पिनेला रेघा किती, पॅड कोणत्या जातीचं, आणि मशीनमध्ये पॅडाचा प्रकार तोच निवडलाय का.

मी म्हटलं, “मामाजी, माझ्यामुळं झालं. मी मालकांना सांगतो.”

ते म्हणाले, “सांगू नोको. वाजवनाऱ्यानं पाहा लागते. तबला घेतला हातात, का आपुन पयले चाट वाजवून पाहातो. हे पाहालेच मी भुललो.”

चाट, मैदान, शाई

या एका वाक्यावर मी नंतर बरीच वर्षं विचार केला. तबल्याच्या एका पुडीवर जागा किती? कडेची चाट, मधलं मैदान, आणि काळी शाई. ‘ना’ चाटेवर, ‘तिं’ मैदानात, ‘तिट’ शाईवर. तीन जागा, आणि प्रत्येक जागेवर बोटाच्या फरकानं आणखी आवाज. कोणती तार नाही, स्विच नाही. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये याच आपल्या वाद्यांवर लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मधे शाईचं वजन आलं की ते मूळ स्वराशी जुळतात, म्हणून तबला सुरात बोलतो.

कातड्याला ‘कुठे’ आणि ‘किती’ वेगळं सांगावंच लागत नाही. ठोका जिथं पडला, तिथला आवाज त्याच कातड्यातून निघतो. पॅडाला मात्र दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी कळवाव्या लागतात. एक वाट बुजली, की पॅड खोटं बोलत नाही, पण अर्धंच ऐकतं. आणि त्या अर्ध्यावर भर मंडपात माणसाची लाज जाते.

मी पॅडाच्या विरोधात बोलत नाहीये. मामाजींचं घर त्याच पॅडानं चालवलं. एका माणसाच्या हातात गडगडाट, घुंगरू, घोड्याच्या टापा आल्या, ही लहान गोष्ट नाही. पण मामाजींना ती कड का आवडायची, हे मला तेव्हा कळलं. आठ चौकोनांत त्यांना आठ आवाज होते. त्या गोल पॅडात त्यांना परत एकदा चाट सापडली होती.

मालकांनी दुसरा माणूस पाहिला नाही. होळीपर्यंत मामाजीच बसले. पण एक गोष्ट बदलली. दर संध्याकाळी मंडपात दिवे लागायच्या आधी ते आधी कड वाजवून बघायचे, मग मध. स्टिरीओ तारांच्या पिनांवर लाल चिकटपट्टी, एक नाही, दोन-दोन वेढे. आणि घरी कपाटावरची तबल्याची जोडी त्यांनी खाली काढली. सकाळी परत आले, की झोपायच्या आधी दहा मिनिटं तरी बोटं फिरवायचे.

तर मंडळी, यंदा झाडीपट्टीत नाटक बघायला गेलात तर थोडं लवकर जा. पडदा उघडायच्या आधी खाली बसलेल्या माणसांकडे बघा. कोणी काडीनं पॅडाच्या कडेवर हळूच टक् टक् करून बघत असेल, तर समजा, रात्री दारावरची थाप बरोबर पडणार आहे.

पुढच्या भागात ऑर्गनबद्दल बोलू. पायपेटी ते कीबोर्ड, आणि मधले ते दिवस, जेव्हा दोन्ही एकाच मंडपात वाजायचे. तुमच्या गावच्या वादकांच्या आठवणी असतील तर नक्की सांगा. भेटू या. नमस्कार.